पुढचं येतंय

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
हिउमा बेटावरच्या वृद्धाश्रमाचं वायफाय मरतं.
रोज नाही. उत्तरेचा वारा सुटला की,
असं चार नंबरच्या खोलीतली साल्मे म्हणते,
आणि पहिल्या दिवशी मी तिला हसते.

मरतं म्हणजे
छतावरचा पांढरा डबा दिवा विझवतो,
पुन्हा शुद्धीवर यायला चार मिनिटं घेतो,
आणि तेवढ्यात
बावीस उशांशेजारची बावीस बटणं
कुणालाच हाक मारू शकत नाहीत.

हेल्डुर पडला तो असाच, न्हाणीघराच्या उंबऱ्यावर.
बटण दाबत राहिला, अंगठा पांढरा पडेतो.
मार्यु खाली चहा गाळत होती.
हाडाला चीर गेली फक्त, म्हणाली.
मग स्वतःच पुटपुटली: फक्त.

मी टाल्लिनहून बोटीने आले,
एका पेटीत अँटेना, दुसरीत लोकरीचे मोजे,
आणि तीन रात्री जिन्याखाली बसून
हवेत कोण काय बोलतं ते ऐकलं.

हवा केवढी बडबडी असते!
जो तो सांगतोय, मी इथे आहे, मी इथे आहे,
आणि बोलण्याआधी हेही,
की आता मी किती बोलणार आहे.

तिसऱ्या रात्री सापडलं.
एक चिमुकलं पॅकेट.
कपाळावर लिहिलेलं: पुढे दोनशे चाळीस अक्षरं.
पुढे होती सहा.

बस.
डबा मोजायला लागला,
सहानंतर भिंत आली, तरी भिंतीपलीकडे हात घालून
शेजारच्या कप्प्यातलं कुणाकुणाचं उचलत
दोनशे चाळीस भरायला गेला,
आणि कोसळला.

येतो म्हणालेल्या पाहुण्यासाठी
कुणी ताट झाकून बसतं,
कुणी कंदील घेऊन रस्ताभर चालत सुटतं.
हा चालत सुटणाऱ्यांतला.

मी हल्लेखोर शोधत होते, खोटं कशाला बोलू.
मला तो हवा होता:
बंद गाडीत, मांडीवर लॅपटॉप, ओठांत शीळ.
सापडला एक तापमापक,
शेजारच्या मासे धुरावण्याच्या खोपटात खिळ्याला टांगलेला.
रोज दोन दहाला तो दिवसाचा हिशेब धाडायचा.
बॅटरी म्हातारी. गारठा वाढला
की वाक्य अर्ध्यावर तुटायचं.

उत्तरेचा वारा.
साल्मेला मी कॉफी नेऊन दिली, काही न बोलता.

बॅटरी चार युरोंची. बदलली.
भोक मात्र डब्यात तसंच,
आणि असे डबे किती छतांवर असतील
हे मोजायला मी बसले नाही.
कंपनीला सगळं लिहिलं, तारखेसह, त्या सहा अक्षरांसह.
उत्तर लगेच आलं:
आपलं पत्र आमच्यासाठी मोलाचं आहे,
पुढील माहिती लवकरच कळवू.
नऊ आठवडे झाले.

हेल्डुर एके काळी ट्रॉलरवर बिनतारी संदेश घ्यायचा.
प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून त्याने सगळं ऐकलं.
म्हणाला, आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायचे,
अर्धं आलं तर अर्धंच लिही,
खाली रेघ मार,
आणि विचार, पुन्हा सांगतोस का?
मनचं भरायचं नाही.
मनचं भरणाऱ्याला धक्क्यावर उतरवून देत.

दुरुस्ती एवढीच आहे. एक ओळ.
ती मी लिहूनही ठेवली आहे,
पण डब्याला कुलूप आहे, किल्ली कंपनीकडे,
आणि ते मॉडेल आता त्यांच्या यादीत नाही.

तोवर मार्युने गळाची दोरी आणली,
काठीच्या टोकाला लावतात तसल्या पितळी घंटा,
बावीस पलंगांपासून जिन्यापर्यंत ओवल्या.
वरच्या मजल्यावर आता कोळ्याच्या होडीसारखं दिसतं,
आणि चालताना मान वाकवावी लागते.

काल रात्री एक वाजली. मी धावले.
चार नंबर.
काही नको होतं, साल्मे म्हणाली,
कुणी येतं का, बघत होते.